लिफ्टचं तेवढं सांगा

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, सध्या मी विद्यापीठातल्या एका कपाटात प्रबंधांच्या गठ्ठ्यावर पडून असतो. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, गाणी वाजवीन. नशिबी आले समाजशास्त्राचे प्राध्यापक.

सर शहराच्या प्रश्नांचे मोठे जाणकार. नाल्याकाठची वस्ती उठवून तिथल्या माणसांना शहराबाहेरच्या उंच इमारतींत हलवलं होतं, त्यावर त्यांचं संशोधन चाले. मला खांद्याला लावून ते एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर चढले. लिफ्ट बंद होती. वर कपडे शिवणाऱ्या एक मावशी राहत.

"स्थलांतरानंतर तुमच्या सामाजिक भांडवलात काय फरक पडला?" सरांनी विचारलं.

"भांडवल कसलं, हे शिलाई मशीन आहे तेवढं," मावशी म्हणाल्या. "गिऱ्हाइकं तिकडेच राहिली. पँट आखूड करून घ्यायला सात मजले कोण चढणार? त्यात आमच्या यांना दम लागतो. आठ महिने खाली उतरले नाहीत. ते लिफ्टचं तेवढं सांगा ना कुणाला तरी."

"हो हो, नोंद घेतली," सर म्हणाले. नोंद कसली, ती मीच घेतली होती.

सरांनी लेख लिहिला. त्यात 'उभे अंतर' असा नवा शब्द काढला. परिषदेत टाळ्या पडल्या. आवाज किती स्वच्छ आलाय, म्हणून माझंही कौतुक झालं. लिफ्टसाठी मात्र कुणी साधा एक फोन केला नाही. पुढे दर वर्षी आम्ही गेलो. सरांचा प्रश्न नव्या शब्दांत, मावशींचं उत्तर जुनंच. मी आपला गरगर फिरत राहिलो. दुसरं करणार काय?

चौथ्या वर्षी आतली खाट रिकामी होती.

"गेले ते," मावशी म्हणाल्या. "दवाखान्यात न्यायला माणसं आली होती, पण स्ट्रेचर जिन्यात वळेना. खुर्चीत बसवून उतरवलं. खाली पोहोचेपर्यंत..."

सरांनी वहीचं पान उलटलं. मग त्यांनी विचारलं, "या अनुभवाकडे तुम्ही कसं पाहता?"

मित्रांनो, तिथेच टेप चावून टाकावी असं मला वाटलं.

विभागातल्या टंकलेखिका बाई माझं बोलणं ऐकून कागदावर उतरवत. ती टेप ऐकताना त्यांचे हात थांबले. त्यांनी मला पिशवीत घातलं आणि थेट गृहनिर्माण कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलावर नेऊन लावलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, हे संशोधन झालं," ते म्हणाले. "लिफ्टसाठी तक्रारीचा फॉर्म लागतो. या इमारतीतून एकही आलेला नाही."

एका पानाचा फॉर्म! बाईंनी तो भरला, मावशींची सही आणली. एकोणिसाव्या दिवशी लिफ्ट सुरू झाली.

बाई मला घेऊन मावशींकडे गेल्या, तर त्या आम्हाला न्यायला खालीच आल्या होत्या. लिफ्टमध्ये मावशी म्हणाल्या, "सर लिहून घ्यायचे ना, मला वाटायचं हीच तक्रार. यांनाही मी तेच सांगायचे. थांबा थोडे दिवस, लिहून घेतलंय त्यांनी."

सातवा मजला आला, बाईंनी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

सरांनी यावरही एक लेख लिहिला, तोही गाजला. मी कपाटात गेलो.

मित्रांनो, उद्या तुम्हीही शिकाल, मोठे व्हाल, माणसांच्या दारात प्रश्न घेऊन जाल. जरूर जा. पण त्यांनी काही मागितलं, तर ते आधी जिथे पोहोचवायचं तिथे पोहोचवा. लेख खुशाल नंतर लिहा.