दोन साडूंची पक्कड

मित्रांनो, मी एक जुनी, लांब चोचीची आणि स्वभावाने कडू झालेली पक्कड आहे. माझा मुक्काम जर्सी सिटीत, मासेमारीच्या सामानाच्या एका हिरव्या पेटीत असतो. शेजारी शिशाचे गोळे आहेत, दोरीची रिळं आहेत, रबरी बेडूक आहेत. इथे कुणी कुणाशी बोलत नाही. मालकांचाच गुण लागला, दुसरं काय!

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, घासलं आणि चोचीच्या मुळाशी गळ कापायचं धारदार पातं दिलं. दुकानात खिळ्याला टांगलेली असताना मी अशी चकाकत होते की येणारा-जाणारा थांबायचा. २००३ सालच्या वसंतात तिथे दोन बहिणी आल्या. थोरली रत्ना, धाकटी पद्मिनी. दोघींचे नवरे सॉफ्टवेअरमधले आणि दोघांनाही तळ्या-ओढ्यांवर मासे धरायचं वेड.

"दोघांना मिळून ही एकच देऊ," रत्ना म्हणाली. "एक वस्तू वापरायची म्हटल्यावर बोलावं तरी लागेल."

बाई शहाणी होती, पण साडू हे नातं काय असतं ते तिला कुठून कळणार?

रत्नाचा नवरा चारुदत्त अलिबागचा. पद्मिनीचा विष्णू नागपूरचा. लग्न झाल्यावर विष्णूने पहिल्यांदा थोरल्या साडूला जेवायला बोलावलं आणि हौसेने रोहूचा रस्सा केला. चारुदत्ताने एक घास घेतला आणि म्हणाला, "छान आहे हो. आमच्याकडे समुद्र आहे म्हणून, नाहीतर आम्हीही चिखलातलं खाल्लं असतं." विष्णू हसला. ते हसू त्याने अजून जपून ठेवलं आहे. तेव्हापासून दोघे एकमेकांशी फार आदराने बोलतात. "तुम्ही", "आपण", "राव". मित्रांनो, इतका थंड आदर मी बर्फाच्या पेटीतही पाहिलेला नाही.

सुरुवातीचे दिवस मात्र माझे होते. ओढ्यावर ट्राउट लागायचा, ठिपक्याठिपक्यांचा, ओंजळीत मावेल एवढा. मी त्याच्या ओठातून गळ अलगद काढायची आणि मासा पुन्हा पाण्यात. एकदा काठावरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्याने मला हातात घेऊन शीळ घातली. "कुणाची आहे ही?"

"माझी," दोघे एकदम म्हणाले.

दोघांनीही मला आपली म्हटलं तो शेवटचा दिवस.

पुढे असं ठरलं, की पेटी एका हंगामात एकाकडे, दुसऱ्या हंगामात दुसऱ्याकडे. ठरवणारे दोघेही मोठ्या कंपन्यांतले, तरी मला तेल कुणी घालायचं हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. चारुदत्ताकडे मी अक्रोड फोडले, गणपतीच्या मखराचे खिळे उपटले. विष्णूकडे मी कुकरची अडकलेली शिट्टी ओढून काढली. मग तशीच ओली पेटीत. सांध्यात तांबडा गंज बसू लागला.

"चारुदत्तराव, पक्कड जरा घट्ट झालीय. मागच्या हंगामात तुमच्याकडे होती, नाही का?"

"होती ना. पण आली तेव्हाच तशी होती, विष्णुपंत. मला वाटलं, तुमच्याकडे अशीच ठेवतात."

दोघेही खरं बोलत होते. त्याचाच मला जास्त राग आला.

२००६ च्या शरदात दोघे मस्कीसाठी निघाले. मस्की म्हणजे पाइक माशाचा थोरला भाऊ. माणसाच्या पायाएवढा लांब, बदकासारखा जबडा आणि आत करवत. दिवसच्या दिवस गळ टाकावा तेव्हा कुठे एक लागतो. उत्तरेच्या तळ्यावर भाड्याची ॲल्युमिनियमची बोट घेतली. चारुदत्त पुढे, विष्णू मागे, मध्ये मी आणि पद्मिनीने दिलेला डबा. अख्खी सकाळ दोघांत एवढंच बोलणं झालं:

"आपण जरा हललात."

"बोट आहे. हलते."

दुपारी चारुदत्ताची काठी वाकली. बराच वेळ झुंज झाली आणि तो हिरवट पट्ट्यांचा राक्षस बोटीशी आला.

"जाळं लावा! आता कळेल गोड्या पाण्यातला मासा म्हणजे काय!"

"म्हणजे आता तो चिखलातला नाही तर," विष्णू म्हणाला आणि जाळं उचलायला मुद्दाम सावकाश वाकला.

तेवढ्या वेळात चारुदत्ताने स्वतःच हात घातला. मासा उसळला. आमिष म्हणून लावलेल्या लाकडी नकली माशाला दोन गळ होते. शेपटाकडचा मस्कीच्या जबड्यात होताच, पोटाखालचा चारुदत्ताच्या अंगठ्याखाली रुतला. आता एकाच लाकडाला दोघे बांधलेले, एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला साडू. मासा हिसका द्यायचा आणि गळ आणखी आत जायचा. विष्णूने जाळं घातलं, तरी जाळ्यातही तो उड्या मारतच राहिला.

"पक्कड!" चारुदत्त किंचाळला. "अहो पक्कड घ्या, हात जाईल माझा!"

विष्णूने मला उचललं. दोन्ही हातांनी जोर लावला. मी उघडले नाही.

मित्रांनो, मी रागाने अडून बसले असं मला सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला उघडताच येत नव्हतं. गंजाला रागलोभ नसतो.

विष्णूने मला बोटीच्या काठावर आपटलं. काही नाही. चारुदत्त मोकळ्या हाताने जाळं धरून होता आणि त्याच्या मनगटावरून रक्त ओघळत होतं. मग विष्णूने डबा उघडला. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि छोट्या बाटलीत आंब्याचं लोणचं. वर बोटभर तेल. त्याने ते सगळं माझ्या सांध्यावर ओतलं, मोहरी, मेथी, हळदीसकट. पुन्हा आपटलं, पिळलं. मी कुरकुरले आणि उघडले.

त्याने आधी माशाकडचा गळ कापला. मस्कीने शेपटीचा एक फटकारा दिला आणि जाळ्याच्या काठावरून उडी मारून तो गेला. मग विष्णूने चारुदत्ताच्या हातातल्या गळाचा दांडा कापला. माझ्यावरचं लोणच्याचं तेल जखमेत ठिबकलं आणि चारुदत्ताची बोंब तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत गेली.

"मासा सोडलात!" श्वास आल्यावर तो म्हणाला. "मुद्दाम सोडलात! आधी माझा हात सोडवायचा ना!"

"तो ओढत होता तुम्हाला. आधी तुम्हाला सोडवत बसलो असतो, तर तोवर सोडवायला हात उरला असता का?"

"आयुष्यात एकदा लागतो असा मासा."

"हात दोनदा मिळतो वाटतं अलिबागला?"

दवाखान्यात नर्सने तळवा हुंगून विचारलं, हे पिवळं काय आहे? "मँगो पिकल," विष्णू मान खाली घालून म्हणाला.

घरी रत्नाने हाताची पट्टी पाहिली, मला पाहिलं आणि विचारलं, "हिला तेल घालायचं काम कुणाचं होतं?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. चारुदत्ताने पट्टीतलं.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. छे! आदर होता तितकाच थंड आहे. पण पेटीत आता तेलाच्या दोन बाटल्या आहेत. मला दुसऱ्याकडे पाठवायच्या आदल्या दिवशी चारुदत्त मला तेल घालतो, व्रण पडलेल्या हाताने उघडमीट करून पाहतो आणि पुटपुटतो, "त्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही." तिकडे पोचल्या पोचल्या विष्णू मला पुसतो, पुन्हा तेल घालतो आणि म्हणतो, "त्यांनी कसलं घातलंय!"

मित्रांनो, प्रेमाने राहा असा उपदेश मी करणार नाही. मी लोखंडाची, मला तो शोभणार नाही. भांडायचं तर भांडा. पण जी वस्तू दोघांची असते, तिला दोघांनीही आपली म्हणा, निदान दुसऱ्यावर विश्वास नाही म्हणून तरी. माझ्या सांध्यात मेथीचा एक दाणा अजून अडकलेला आहे. तो दोघांनाही दिसतो, आणि पुसताना दोघेही तेवढी जागा सोडून पुसतात.