तलावात गेलेली आठवण

टिकारामच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध बिसराम महाराज, पुढ्यात तांदळाने काठोकाठ भरलेला अरुंद गळ्याचा लोटा. सत्तावन्न सालच्या तापाच्या साथीतून टिकारामची बायको वच्छला वाचली, पण तिची आठवण काही परतली नाही. पोटची पोर गंगा समोर उभी राहिली तरी ती विचारायची, "हे कोनाची पोरगी?"

"तुया आज्यानं तलाव बांधला, पन तलावाले मान देला नाही," महाराजांनी निदान केलं होतं. "तलावानं बाईची अक्कल ठेवून घेतली!" ती अक्कल परत येईपर्यंत वच्छलाला कोणी हाक मारायची नाही, नाहीतर आठवण बुजून पळेल म्हणे. तेव्हापासून घर मुकं झालं. गंगासुद्धा माय म्हणेना. संध्याकाळी वच्छला तलावाच्या पाळीवर, बांधावर जाऊन उभी राही आणि टिकाराम दुरून नुसता बघत राही. जित्याजागत्या बायकोचं त्याला भय वाटू लागलं होतं.

"आजा अक्कल, पानी से निकल आजा!" दर मंत्राला महाराज लोट्यात सुरी खुपसत होते. शेवटी सुरी उचलली, तर अख्खा लोटा तिला लटकून वर! बायांनी हात जोडले.

"आली! आता कपाळाले डाग देला का आत बसलीच समजा." समोर बसवलेल्या वच्छलासाठी निखाऱ्यात विळा लाल होत होता.

गोंदियाहून आलेले डॉक्टर यादोराव पुढे झाले. "महाराज, तांदूळ ओतून पुन्हा भरा. आणि सुरी एकदाच खुपसा."

"एकदाच कायले?"

"पाण्यातून निघून इथवर आली ना? मग एका हाकेत येईल की!"

गर्दीत हशा पिकला. महाराजांनी सुरी खुपसली, उचलली. लोटा जागचा हलला नाही. डॉक्टरांनी सुरी टिकारामच्या हाती दिली. "मंत्र नको. नुसतं खुपसत राहा."

टिकाराम खुपसत राहिला, आणि त्याच्याही सुरीला लोटा लटकला.

"दर खेपेला दाणे दबतात, पात्याला घट्ट धरतात. यात वच्छलाबाई कुठे आल्या?"

महाराजांनी काखोटीला झोळी मारली. टिकारामला मात्र रडू कोसळलं. खोटी का होईना, आशा होती. "मंग औषध कोनतं, डाक्टरसाब?"

"मला माहीत नाही. ताप मेंदूत गेला होता. त्यावरचं औषध लोक शोधताहेत, अजून सापडलेलं नाही. तोवर त्यांना रोज सांगा, त्या कोण, तुम्ही कोण. किती परत येईल, तेही माहीत नाही."

इतक्या दिवसांत 'माहीत नाही' म्हणणारा हा पहिलाच भेटला होता. बाबांनो, ज्याला सगळंच ठाऊक असतं त्याच्यापुढे आपला माणूस बसवण्याआधी त्याची सुरी एकदा आपल्या हाती घेऊन बघा.

टिकारामने विळ्यावर पाणी ओतलं.

"हे कोनाची पोरगी?" वच्छलाने विचारलं.

"तुयीच हाय, वच्छला. गंगा नाव तिचं." तो पोरीकडे वळला. "हाक मार वं तिले, माय म्हनून."

"माय!"

कोणाला हाक मारली म्हणून वच्छलाने मागे वळून पाहिलं. गंगा तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "माय!"