अस्तराआडचा ठोका

मित्रांनो, मी सोनोग्राफीचं एक जुनं यंत्र आहे. तुम्हाला ऐकू न येणारे ध्वनी पोटात सोडायचे आणि आतलं चित्र पडद्यावर उमटवायचं, हे माझं काम. मला दवाखान्यात आणलं तेव्हा बघायला झुंबड उडाली होती. आता बटणं झिजलीत, पडद्यावर डाग पडलेत, मला भंगारात काढायची भाषा सुरू आहे. पण एक बाई काही विसरता येत नाही.

ती कपडे शिवायची. अंगाने चांगलीच स्थूल. तिचे दोन गर्भ अगदी सुरुवातीलाच गळून गेले होते, म्हणून सासूबाईंबरोबर तपासायला आली होती.

"खाण्यावर ताबा नाही, मग पोटात टिकणार कसं?" सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

तिने मान खाली घातली. "डॉक्टर, माझ्यामुळेच गेले का हो?"

"तसं छातीठोक कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वजन फार वाढलं की संप्रेरकं बिघडतात, गर्भाशयाचं अस्तर नीट तयार होत नाही. गर्भ रुजायला अडखळतो, रुजला तरी गळायची भीती जास्त. पण हा काही गुन्हा नाही. थोडं वजन उतरलं तरी फायदा होऊ शकतो. आणि आई, तिच्यासाठी वेगळं शिजवायचं नाही. सगळ्यांनी तेच खायचं."

सासूबाईंचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

वर्ष सरत आलं तेव्हा दोघी पुन्हा आल्या. वजन थोडंच उतरलं होतं, पण तिला दिवस गेले होते. आणि सकाळीच रक्त दिसलं होतं.

पोटावरून मला सगळं धूसर दिसत होतं. "आतून तपासूया," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग एक इवलीशी काळी पिशवी दिसली. रिकामी वाटत होती. खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

"बोला ना काहीतरी!" ती म्हणाली.

"थांबा जरा."

माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात पिशवीच्या कडेला काहीतरी लुकलुकलं. डाग असता तर जागचा हलला नसता. हे थांबतच नव्हतं.

"हा बघा ठोका! रुजलंय. अजून जपायला हवं, पण आज सगळं ठीक आहे."

तिला हुंदका फुटला. सासूबाईंनी वाकून सुनेच्या चपला उचलल्या आणि तिच्या पायाशी आणून ठेवल्या. पुढे बाळ सुखरूप जन्मलं.

मित्रांनो, माझ्या पडद्यावरचे डाग पुसायचे राहिले तर एक वेळ चालेल. पण कुणाच्या अंगलटीवरून बोलण्याआधी जीभ आवरा. ती व्यक्ती आत काय सोसते आहे, ते बाहेरून दिसत नाही.