घरचीच साक्ष

दिया हसून हसून सोफ्यावर आडवी झाली, पण शांताबाईंच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली.

पुस्तक कॉलेजचं होतं, दीडशे वर्षांपूर्वीचं, विनोदी. दर शनिवारी नात लंडनमधल्याच हाउन्सलोहून पिनरला यायची आणि परीक्षेसाठी वाचता वाचता आजीला मराठीत सांगायची. मुरंब्याच्या धंद्यात गब्बर झालेला एक म्हातारा आणि त्याच्या उशाशी मुंगळ्यांसारखे जमलेले नातेवाईक. शांताबाईंची शाळा चौथीत सुटली होती, पण माणसं वाचायला त्यांना चष्मा लागत नसे. त्यातल्या एका वहिनीच्या तोंडात साखर आणि डोळा तिजोरीवर, हे त्यांनी दुसऱ्याच शनिवारी सांगून टाकलं होतं.

आज म्हातारा मेला होता आणि मृत्युपत्र उघडलं होतं. सगळं त्याने पुतणीला ठेवलेलं. तिने मात्र, परकं कुणी मध्ये नको म्हणून, साक्षीदाराच्या जागी स्वतःच सही ठोकलेली.

"मग?"

"मग काय आजी, तिला नथिंग. ज्याला मिळणार त्याने विटनेस नाही व्हायचं. सही केली की गेलं. सो फनी."

"ते जुन्या काळी असेल."

दियाने फोनवर पाहिलं. "नाही. अजून पण तोच लॉ आहे."

शांताबाई पुन्हा मेथी निवडू लागल्या. पानं कचऱ्यात जात होती, काड्या टोपलीत.

वर पद्माकर झोपले होते, शांताबाईंच्या थोरल्या बहिणीचे, आशाताईचे यजमान. ताईच्या दुखण्यात नुकत्याच विधवा झालेल्या शांताबाई मदतीला आल्या. ताई गेली, त्या राहिल्या. बावीस वर्षं. लोक जे बोलायचं ते बोलले, त्यांनीही ते दामदुपटीने परत केलं. भावोजींना मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घर शांताबाईंना ठेवायचं ठरवलं. वकील कशाला, म्हणून दुकानातून मृत्युपत्राचा छापील फॉर्म आणला आणि शेजारच्या जेनेटला नवऱ्यासकट साक्षीदार म्हणून सहीला बोलावलं. जेनेटने सही केली. नवरा दारात पाय पुसत होता, तोच शांताबाईंनी त्याच्या हातात डब्यातल्या करंज्या ठेवून त्याला परत पाठवलं. घरच्या गोष्टीत दोन दोन परके हवेत कशाला?

"शांताबाई, आलाय तर करू दे की त्याला," भावोजी म्हणाले होते.

"तुम्ही गप्प बसा. मी काय अंगठेबहाद्दर आहे?"

आणि पेन ओढून घेऊन त्यांनी आपलं नाव, वडिलांकडून शिकलेल्या अक्षरात, सावकाश लिहिलं होतं.

मार्चमध्ये भावोजींना झटका आला. आता त्यांना माणूसही ओळखू येत नव्हतं. उद्या बर्मिंगहॅमहून कमलाकर येणार होता. भावोजींचा सख्खा पुतण्या, रक्ताचा वारस तेवढा एकच. चौदा वर्षांत त्याचा दिवाळीला फोन नव्हता, आणि या महिन्यातली ही तिसरी खेप.

"आजी, तुझं असं काही नाही ना?"

"माझं काय असणार? ऊठ, बस चुकेल तुझी."

दिया गेल्यावर त्या कपाटातला दुसरा, कोरा फॉर्म घेऊन वर गेल्या. भावोजींच्या बोटांत पेन अडकवलं, त्यावर आपली मूठ मिटली. हात थंड होता आणि जाईल तिकडे जायला तयार होता. भावोजी त्यांच्याकडे पाहत होते. रस्ता चुकलेलं पोर कुणा अनोळखी बाईकडे पाहतं तसे, विश्वासाने.

शांताबाईंनी मूठ सोडली. फॉर्मचे चार तुकडे केले आणि भावोजींच्या ओठाच्या कडेची लाळ पदराने पुसली.

रविवारी अकराला कमलाकर आला. दाराशीच थांबून त्याने छताच्या कोपऱ्यातल्या ओलीकडे पाहिलं.

"शांतामावशी, एकटीला फार मोठं पडत असेल नाही, हे घर?"

"बूट बाहेर काढ," त्या म्हणाल्या. "काका जागे आहेत. आधी वर चल."

तो वर आला, पलंगापासून हातभर लांब उभा राहिला, "कसे आहात काका" म्हणाला आणि पाणी प्यायला म्हणून खाली गेला. शांताबाई पेजेची वाटी घेऊन बसल्या. खालून आवाज येऊ लागला. दिवाणखान्याच्या भिंतीवर बोटाने वाजवल्याचा. टक, टक. मग स्वयंपाकघराच्या. मग जिन्याखाली.

भावोजींनी मान तिकडे वळवली.

"काही नाही," शांताबाई म्हणाल्या आणि चमचा फुंकून निववला. "आ करा."