शेवटची ओळ

"पोरीला तुपातला रोल, आणि माझ्या मुक्या लेकरांना म्हणे शिळं चालेल," लक्ष्मीबाई तव्याशीच पुटपुटल्या.

शेजारी लेकीचा, मृणूचा डबा भरणाऱ्या शालूनं ते ऐकलं. डब्याचं झाकण तेवढं जोरात लावलं.

सासरे गेले तेव्हा शालूच्या नवऱ्यानं, रामेश्वरनं आईला जेजुरीजवळच्या गावाहून कतारला, दोह्याला आणलं, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या या दोन खोल्यांत. गाव सुटलं, नेम सुटला नाही. पहिली भाकरी खंडोबाच्या कुत्र्याची. महिन्याभरात फाटकाशी रोज पहाटे चार कुत्री हजर राहू लागली. आणि मृणूची शाळेची बस त्याच गल्लीत, पावणेसहाला.

कुत्री का जमतात, यावर रामेश्वर शेजारच्या बांधकामाला दोष द्यायचा, वरच्या मजल्यावरची वसईची मर्लिन कचऱ्याच्या पेटीला, शालू थंडीला. भाकरीचं नाव कुणी काढत नव्हतं. नवरा गेला, अंगण गेलं; बाईकडून आता आणखी काय काढून घ्यायचं?

काल मर्लिननं फोनवर भटक्या कुत्र्यांबद्दलच्या सूचना पाठवल्या होत्या. शालूनं त्या जेवताना मोठ्यानं वाचल्या: पळू नका. पाठ फिरवू नका. डोळ्याला डोळा भिडवू नका. हळूहळू मागे सरा. शेवटची ओळ मात्र तिनं पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

आज ती फाटकाला कडी घालायला वळली, तेवढ्यात मागून मृणूचा बारीक आवाज आला. "ममा."

चारही कुत्र्यांनी मृणूला भिंतीशी धरलं होतं. फाटक्या कानाच्या मोठ्या कुत्र्याचं नाक थेट डब्याच्या पिशवीवर.

"पळू नकोस, बाळा."

"आय वाँट टू रन."

"माहितेय. खांब हो. खांब पळतो का?"

शालू कडेकडेनं सरकत मधे आली. पोरीचं दप्तर तिनं स्वतःच्या पोटाशी धरलं. मोठा गुरगुरला. तिनं नजर त्याच्या पायांवर ठेवली आणि एक पाऊल मागे घेतलं. मृणूची मूठ तिच्या ओढणीत. दुसरं पाऊल. कुत्रीही दोन पावलं पुढे.

"या रे, या!"

लक्ष्मीबाई फाटकात उभ्या होत्या, हातात गरम भाकरी. चारही शेपट्या एकदम हलल्या. त्यांनी भाकरी लांब भिरकावली, कुत्री तिच्यावर तुटून पडली. तेवढ्यात बस आली. मृणू चढली. खिडकीच्या काचेवर तिचा तळहात चिकटला आणि बसबरोबर निघून गेला.

"बघितलंस? माझं कसं ऐकतात," लक्ष्मीबाई म्हणाल्या. चेहरा उजळलेला. "देवाचीच आहेत गं."

वर गॅलरीत मर्लिन कढीपत्त्याच्या कुंडीत उगाच बोटं घालून उभी होती.

 शालूनं सासूचा पिठाळ हात हातात घेतला.

"आई, काल मी शेवटची ओळ वाचली नाही. कुत्र्यांना खायला घालू नका, असं लिहिलं होतं. ती बांधकामासाठी येत नाहीत, आई. तुमच्या भाकरीसाठी येतात."