फ्रीजरची राखण

विद्यापीठाकडे पैसे नव्हते. म्हणजे फुटबॉलच्या कोचला वर्षाला ऐंशी लाख डॉलर द्यायला होते, अरुणकाकांना द्यायला नव्हते. पंचवीस वर्षं लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून राबलेल्या माणसाच्या हातात ऑगस्टमध्ये पत्र ठेवलं, गळ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि वर केक आणला. तो केकसुद्धा त्यांनाच कापायला लावला, आता काय बोलायचं.

त्याच लॅबमधल्या उपासनाची सगळी भिस्त काकांवर होती. ती नागपूरची, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन करणारी. परवानग्यांसाठी दोन वर्षं ऑफिसांचे उंबरठे झिजवून तिने विदर्भातल्या चारशे पेशंटच्या रक्तातल्या जिवंत पेशी इथे अमेरिकेत आणल्या आणि उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीजरमध्ये जपल्या. पारा उणे पन्नासच्या वर गेला की पेशी मेल्या, विषय संपला. त्यातली एक नळी तिच्या धाकट्या भावाची, अनुपची होती. अनुप दोन वर्षांपूर्वी त्याच आजाराने गेला. त्याचं रक्त पुन्हा मिळणार नव्हतं.

फ्रीजर बिघडला की आपोआप एका नंबरवर फोन जायचा, तो नंबर काकांचा. काकांची नोकरी गेल्यावर तो बदलायचं काम उपासनाचं होतं.

"काका, तुमचाच राहू दे ना," ती म्हणाली होती.

"राहू दे की. मी घरीच असतो आता."

आपल्या माणसांत हे असंच चालतं. बिल्डिंगचं दार कार्डाशिवाय उघडत नाही, आणि कार्ड तर काढून घेतलंय, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ऑक्टोबरात डीनने लॅबवाल्यांना मॅचची तिकिटं वाटली. पगारवाढ कॅन्सल केली, त्याची भरपाई म्हणे. उपासना सहा वर्षांत एकदाही स्टेडियमकडे फिरकली नव्हती. एवढे पैसे कशावर उधळतात ते एकदा बघू तरी, म्हणून ती शनिवारी गेली. ऐंशी हजार माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, त्यामुळे नेटवर्क ठप्प. चार तास ती आपली टीम मार खाताना बघत बसली. खोटं कशाला बोला, शेवटी शेवटी तीही ओरडत होती.

चार वाजता गेटबाहेर आली आणि फोन थरथरायला लागला. एकतीस मिस्ड कॉल, सगळे काकांचे. पहिला बारा वाजून पाच मिनिटांचा. रस्ते मॅचसाठी बंद, बस नाही, ती गर्दीतून धक्के खात दोन मैल पळाली.

काका बिल्डिंगच्या पायरीवर बसले होते. शेजारी कागदाच्या चार रिकाम्या पिशव्या. ग्रोसरी स्टोअरमधून फ्रीजर थंड ठेवायला चाळीस पाउंड ड्राय आइस, म्हणजे न वितळता वाफ होऊन जाणारा बर्फ, विकत आणला होता, तो दारातच उडून गेला होता.

"सिक्युरिटीला फोन केले गं," ते म्हणाले. "सगळे मॅचच्या ड्यूटीवर आहेत म्हणाले. मॅच संपल्यावर येतो म्हणाले. काचेवर मारून पाहिलं, फुटेना." त्यांच्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता.

उपासनाने कार्ड लावलं. फ्रीजरवर आकडा होता उणे एकोणीस. आत नळ्या रांगेने उभ्या, बर्फ धरलेल्या, रोजच्यासारख्या. बघून कुणाला काही कळलं नसतं. अनुपला आपण दुसऱ्यांदा मारलं, आणि तेही टाळ्या वाजवत, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. ती फरशीवर बसली आणि मोठ्याने रडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण 'होईल सगळं ठीक' असं काही म्हणाले नाहीत. त्यांना फ्रीजर कळत होता.

मग तिचा फोन पुन्हा वाजला. विद्यापीठाचा सगळ्यांना मेसेज. हरल्यामुळे कोचला काढलंय. करारात अजून चार वर्षं आहेत, त्यांचा पगार त्याला घरी बसून पूर्ण मिळेल. सोमवारपासून त्याने यायचं नाही, बस.

काकांनी तिच्या हातातून फोन घेतला, चष्मा वर करून तो मेसेज दोनदा वाचला आणि फोन तिला परत दिला.

"मला पगार नको होता गं," ते म्हणाले. "नुसतं आत येऊ द्यायचं होतं."