चालायला की बसायला

थोरल्या साडूचा पाय मोडला तर धाकट्याचं बरंच भलं होणार होतं. घोड्यांच्या खेळात सगळ्यांच्या पुढची जागा मिळणार होती. राखी रंगाची घोडी मिळणार होती; ती थोरल्याखेरीज कुणाला पाठीला शिवू देत नसे, पण तो अंथरुणावर पडला की तिला तरी दुसरं कोण? जेवणाच्या टेबलाशी सासऱ्यांच्या उजव्या हाताची खुर्ची मिळणार होती. आणि बायकोचं बोलणं, जे 'आमच्या ताईचे हे' इथून निघून फिरून तिथेच यायचं, ते थोडं तरी वाट बदलणार होतं. ही शेवटची गोष्ट तो कुणाला सांगत नसे. मनातल्या मनात मात्र तिला पहिलं पान वाढलेलं होतं.

पाय मोडला तर, एवढंच. जीव जावा असं त्याच्या मनात कधी आलं नाही. माणूस तसा वाईट नव्हता. दुसऱ्याच्या नुकसानाचा अंदाज करताना जरा हात राखून करायचा, इतकंच.

सासऱ्यांना दोन मुली, आणि दोन्ही जावई खेळातलेच स्वार. दोघांच्या पायाचं माप एक. सासरे पाहुण्यांना सांगत, "मी मुलींना नवरे नाही शोधले, माझ्या बुटांना पाय शोधले." बूट म्हणजे काउबॉय बूट, तपकिरी, उंच टाचेचे, पोटरीपर्यंत नक्षीचे. आधी ते सासऱ्यांचे होते. त्यांनी खेळ सोडला त्या दिवशी भर मैदानात खाली बसून ते थोरल्याच्या पायात चढवले, आणि तेव्हापासून थोरला पुढे नि बाकीचे मागे. पाहुणे हसत तेव्हा धाकटाही हसायचा. त्याचा पाय त्याच मापाचा असून त्याला बूट मिळाला नव्हता, हे त्या विनोदात कुणाला दिसत नसे.

मोठ्या खेळाला आठवडा उरला असताना थोरल्याने तेच बूट त्याच्या हातात ठेवले. म्हणाला, जरा नटवून आण, पट्टे, साखळ्या, काय शोभेल ते. एका बुटात त्याने नोटाही कोंबून ठेवल्या होत्या.

"मला त्यातलं काय कळतं, दादा," धाकटा उगीच म्हणाला.

"तुला नाही तर कुणाला? मी घोडीवर बसतो त्याहून जास्त वेळ तू आरशासमोर असतोस. तुला स्वतःला आवडेल ते घे. माझा विचार करू नकोस."

धाकट्याने मान डोलावली. विचार तर तो थोरल्याचाच करत होता.

बुटांच्या साजाचं दुकान दोन इमारतींमधल्या बोळात होतं. आत चामड्याचा आणि मेणाचा वास, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पट्टे, काचेखाली चांदीच्या रंगाची फुलं, टाचांना ठोकायचे पत्र्याचे नाल, टोकांवर बसवायच्या नक्षीदार टोप्या. मालकीणबाईंना सगळे टाकेबाई म्हणत. त्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघत, पायाकडे आधी. आणि पट्टा कितीही साधा असो, बांधण्याआधी एकच प्रश्न विचारत: चालायला की बसायला?

त्या प्रश्नात त्यांचा सगळा धंदा होता. बूट चालायला असतील तर पट्टा पक्क्या टाक्याने शिवायचा, काळ्या मेणदोऱ्याने, माणूस झिजला तरी टाका झिजू नये असा. बूट घोड्यावर बसायला असतील तर पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका. स्वार पडला आणि पट्टा रिकिबीत, पाय ठेवायच्या कडीत, अडकला, तर झटक्यासरशी टाका तुटावा आणि पाय सुटावा. पट्टा गेला तर गेला. दोन्ही टाके चांदीच्या फुलाखाली झाकले जात. बाहेरून ब्रह्मदेवाला कळलं नसतं.

धाकट्याने तासभर लावला. निवडण्यात त्याचा हात खरंच कुणी धरला नसता. टोप्या त्याने बाजूला सारल्या, टोक आधीच देखणं होतं. घुंगरं वाजवून पाहिली आणि ठेवून दिली, राखी घोडी बिथरते हे त्याला माहीत होतं. मग एक रुंद पट्टा उचलला. त्याला टाचेखालून जाणारी साखळी होती, आणि बाहेरच्या बाजूला चंद्रकोर, दोन्ही टोकं वर वळलेली. पट्टा बुटावर धरून तो मागे सरकला. इतका सुंदर दिसला की क्षणभर त्याला स्वतःचाच हेवा वाटला. ही कोर आपल्या पायात हवी होती, असंही वाटून गेलं.

टाकेबाईंनी दाभण हातात घेतलं आणि प्रश्न विचारला.

"चालायला," तो म्हणाला. "मिरवायचे आहेत नुसते."

बाईंनी बूट उलटा केला. तळव्याच्या खळगीत, जिथे रिकीब घासते, तिथे चामडं गुळगुळीत होऊन काळं पडलं होतं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"बूट काही वेगळं सांगताहेत," त्या म्हणाल्या.

"बुटांना काय कळतं? आता ते म्हातारे झाले."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाचा शब्द शेवटचा, हा त्यांचा दुसरा नियम होता, आणि त्या दिवसापर्यंत त्यांना तो चांगला वाटत असे. त्यांनी काळा दोरा मेणातून ओढला.

घरी सगळ्यांनी वाहवा केली. त्याच्या बायकोने, धाकटीने, बोट लावून कोर पाहिली आणि म्हणाली, "ताईच्या ह्यांना शोभेल." थोरल्याने बूट पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले आणि हसून कपाटात ठेवले. ते हसू धाकट्याला रुचलं नाही. गोष्ट पोटात ठेवलेल्या माणसाचं ते हसू होतं. रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. टाकेबाई काही बोलल्या असतील का? पण बोलल्या असत्या तर थोरला हसला नसता.

खेळाच्या दिवशी मैदानाच्या चारी बाजू भरल्या. पहिल्या रांगेत टाकेबाई बसलेल्या पाहून धाकटा घोड्याच्या आड सरकला. थोरल्यानेच त्यांना बोलावलं होतं. इतकं छान काम केलं, बघायला नको का, म्हणून.

शेवटचा प्रकार रुमालाचा होता. धावत्या घोडीवरून एका रिकिबीत पाय ठेवून खाली लटकायचं, जमिनीवरचा रुमाल उचलायचा, आणि पाय सोडून उडी घ्यायची. धाकट्याने आठवडाभर याच प्रकारावर भिस्त ठेवली होती.

त्याआधी थोरला मैदानाच्या मध्यभागी आला. त्याच्या पायात साध्या चपला होत्या आणि हातात ते बूट. त्याने सगळ्यांना सांगितलं, की आपला गुडघा वर्षभर साथ देत नाहीये. आज बूट पुढच्या पायात जातील. मग तो धाकट्यापुढे खाली बसला, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला.

"म्हणून तर तुला निवडायला लावलं," तो हळूच म्हणाला. "तुझ्या मनासारखे झाले ना?"

लोक टाळ्या वाजवत होते. सासरे डोळे पुसत होते. धाकट्याने खाली पाहिलं. थोरला पट्टा आवळत होता, घट्ट, काळजीने. एक वाक्य पुरलं असतं: दादा, टाका चुकलाय. पण चुकला कसा? टाकेबाई दहा पावलांवर होत्या. त्यांचा प्रश्न खेळातल्या लहानथोरांना पाठ होता, आणि सगळ्यांपुढच्या स्वाराच्या बुटांबद्दल 'चालायला' असं उत्तर कुणी दिलं, का दिलं, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. धाकटी टाळ्या वाजवता वाजवता आज पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहत होती. त्याने दातांवर दात ठेवले. शंभरात एखाद्याचा अडकतो, त्याने मनाशी म्हटलं, आणि राखी घोडीवर चढला.

टाकेबाई उभ्या राहिल्या. कुठले बूट कुठे निघाले ते त्यांनी पाहिलं. त्यांनी हात वर केला, काहीतरी ओरडल्या. लोकांना वाटलं, कारागीर बाई आहे, कौतुक करतेय.

रुमाल त्याने उचलला. उडी घेतली तेव्हा चंद्रकोरीचं वळलेलं टोक रिकिबीत बसलं, जणू त्याच मापाने घडवलेलं. घोडी बिथरली आणि उधळली. तो जमिनीवर उताणा फरपटत होता, आणि टाका तुटत नव्हता. टाकेबाईंचं काम चोख होतं.

धावला तो थोरला. चपला कुठे गेल्या कळलं नाही, गुडघ्याने काय सांगितलं ते त्याने ऐकलं नाही. घोडीच्या बाजूने पळत त्याने खिशातला चाकू पट्ट्याखाली घातला आणि पट्टा कापला. पाय सुटला. थोरला मागे राहिला, आणि त्याच क्षणी घोडीने मागचे पाय झाडले. ती थोरल्याला ओळखत होती, पण तो मागे आहे हे तिला दिसलं नाही. लाथ त्याच्या छातीत बसली.

महिन्याभरात धाकटा हिंडूफिरू लागला. घोट्यात जराशी कळ राहिली, पावसाळी हवेत. त्याला सगळं मिळालं. पुढची जागा मिळाली. राखी घोडी मिळाली, पण तो तबेल्यात आला की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते. सासऱ्यांच्या उजव्या हाताची खुर्ची मिळाली. सासरे हल्ली पलीकडच्या बाजूला बघत जेवतात. आणि धाकटी आता 'ताईचे हे' असं कधीच म्हणत नाही.

टाकेबाई आता कुणाला तो प्रश्न विचारत नाहीत. येईल त्याला पांढरा दोरा घालतात. त्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही. मात्र बोळाच्या तोंडाशी धाकटा दिसला की हातातलं काम थांबवून त्या त्याच्या पायांकडे बघत राहतात, आणि तो रस्ता बदलतो.

कुणी काय भरलं, तेही मांडायला हवं. थोरलीने नवरा दिला, सासऱ्यांनी घराचा आधार दिला, थोरल्याने जीव दिला. धाकट्याच्या खिशातून काहीच गेलं नाही. पट्ट्यांचे पैसेसुद्धा थोरल्याचेच होते.